लोकांच्या साड्या

माझी ताई रफू करायची. साडीला खिळ्याचा ओरखडा गेला, उदबत्तीनं भोक पडलं, उंदरानं पदर कुरतडला, की लोक ती साडी घेऊन तिच्याकडे यायचे. ताई त्याच साडीच्या आतल्या टोकाचा एकेक धागा ओढून काढायची आणि त्या धाग्यानं भोक असं विणून घ्यायची की साडी उजेडासमोर धरली तरच जागा सापडावी. हे काम ती इतवारीतल्या एका म्हाताऱ्या रफूगराकडून शिकली होती. भाऊजी गेले तेव्हा तिची मुलगी चौथीत होती. मुलीचं शिक्षण आणि लग्न दोन्ही त्या सुईवर झालं. मुलगी आता रायपूरला असते.

काम चालायचं घराच्या पुढच्या खोलीत. दक्षिण नागपुरातल्या एका जुन्या ले-आउटमध्ये तिचं तीन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीच्या खिडकीला कूलर, कूलरच्या बाजूला लाकडी कपाट, समोर दिवाण. कपाटात लोकांच्या साड्या जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवलेल्या असत. ताईकडे नवी साडी क्वचितच यायची. नवी फाटली तर लोक दुसरी घेतात. ताईकडे यायची ती कुणाच्या आईची, कुणाच्या सासूची, कुणाच्या लग्नातली. जी पुन्हा विकत मिळत नाही ती. ताईला माणसांची नावं नीट लक्षात राहत नसत, पण साडी कुठं फाटली होती ते वर्षानुवर्षं लक्षात राहायचं. रस्त्यात कुणी भेटलं की मला म्हणायची, "थे पाह्य, मोरपंखीवाली. कमरेपाशी फाटली होती, वीतभर."

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. कारखान्यानं माणसं कमी करायचं ठरवलं तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो. पन्नाशीत नवी नोकरी कोण देणार? एका ओळखीच्या माणसानं विम्याची एजन्सी घ्यायला लावली. परीक्षा दिली, पास झालो, एक काळी बॅग घेतली. पहिल्या महिन्यात कोणाकडे जायचं हा प्रश्न नव्हता. सगळे एजंट जिथून सुरू करतात तिथूनच मी सुरू केलं. नातेवाइकांपासून.

ताईच्या घराचा विमा ही माझी तिसरी पॉलिसी.

तो फॉर्म मी ताईच्या त्या पुढच्या खोलीतच भरला. मी दिवाणावर बसलो होतो, आणि माझ्या बाजूला कोणीतरी आणून ठेवलेली जांभळी पैठणी होती. ती चुरगळू नये म्हणून मी स्वतः तिला जरा सरकवून बसलो, हे मला चांगलं आठवतं. मराठीत छापलेल्या त्या फॉर्मवर प्रश्न होते: घराचा वापर फक्त राहण्यासाठी होतो काय? घरातून काही व्यवसाय चालतो काय? शाखेतल्या साहेबानं आम्हा नव्या एजंटांना सांगून ठेवलं होतं, "घरगुतीच लिहा. धंदा लिहिला की वेगळे कागद, वेगळी तपासणी, पंधरा दिवस फाइल अडकते." महिना संपायला दोन दिवस उरले होते. मी पहिल्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं आणि दुसऱ्यापुढे 'नाही'. ताईला विचारलं नाही. विचारायचं काय होतं? मला सगळं दिसतच होतं.

ताई चहा घेऊन आली. पदराला हात पुसून तिनं चष्मा लावला आणि मी बोट ठेवलं तिथं सही केली.

"आता काही झालं तर?" तिनं विचारलं.

"काही झालं तर कंपनी पाहते. तू बिनघोर राह्य."

चार वर्षं हप्ता मीच आठवणीनं भरत होतो. ती मला पैसे द्यायची आणि वर तिळाची चटणी, सांडगे असं काहीतरी बांधून द्यायची. आपण बहिणीसाठी काहीतरी चांगलं करून राहिलो, असं मला त्या काळात खरंच वाटायचं.

आग लागली ती मे महिन्यात, दुपारी. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. ताईला रेशमी दोऱ्याच्या गुंड्या हव्या होत्या म्हणून ती ऑटोनं सीताबर्डीला गेली. घर सोडताना पंखा बंद, कूलर बंद, सगळं शांतच होतं. कूलरचं बटन तेवढं चालू राहिलं होतं. तिच्या मागे लाइट आली. कूलर जुना होता, टाकीतलं पाणी आटलेलं होतं, मोटर अडकली असावी. कूलरच्या ताट्यांमधलं गवत वाळून कोळ झालेलं होतं. आगीला आणखी काय लागतं?

शेजारच्या काकूंनी धूर पाहिला. त्यांनी आरडाओरडा केला, लोकांनी दार तोडलं, बादल्या मारल्या, मग अग्निशमनची गाडी आली. मागच्या दोन खोल्या वाचल्या. काकूंचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. मी पोचलो आणि पाचच मिनिटांनी ताईचा ऑटो आला. तिला कोणी फोन केला नव्हता, कोणाला करवला नव्हता. ती हातात रेशमाची पिशवी घेऊन उतरली, गर्दी पाहिली, आणि ऑटोवाल्याला पैसे द्यायला थांबली. सुटे मोजून दिले. मग घराकडे वळली.

घर कसं आहे ते तिनं विचारलं नाही. म्हणाली, "कपाट?"

ती आत गेली. पुढच्या खोलीत घोट्याएवढं काळं पाणी होतं. कपाटाची एक बाजू आणि खालचा कप्पा तेवढा उभा होता. ती त्या पाण्यात बसली आणि खालच्या कप्प्यातली धोतरं एकेक करून उलगडू लागली. रेशीम जळलं की केस जळाल्यासारखा वास येतो. कापूस राख होतो, रेशमाच्या काळ्या गाठी होतात, आणि त्या गाठींत जरीची तार तशीच चमकत राहते. ती प्रत्येक गाठ हातात घेऊन पाहायची आणि हळू आवाजात सांगायची, "हा शालू. निऱ्यांमध्ये उंदरानं खाल्लेला. हे टस्सर, उदबत्तीचं. हे कोनाचं... हा त्या मास्तराच्या बायकोचा शालू."

एकोणीस होत्या. काही अर्ध्या रफू झालेल्या, काहींना तिनं अजून हातही लावला नव्हता.

विमा कंपनीचा सर्वेअर चौथ्या दिवशी आला. त्याच्या आदल्या दिवशी मी ताईकडे गेलो. ती तेव्हा शेजारच्या काकूंकडे राहत होती. मी तिला बाजूला घेतलं.

"उद्या माणूस येईन. तो पुसंल का साड्या कोनाच्या. सांगजो का आपल्याच आहेत. घरच्या."

"एकोनीस साड्या? माह्या?"

"असू शकतात ना. लग्नातल्या, पोरीच्या, आईच्या. कोन पाहाले येते?"

"अन् धंद्याचं पुसलं तं?"

"नाही म्हन. शिवणकाम स्वतःपुरतं करते म्हन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काहून गा? धंदा करनं गुन्हा आहे काय?"

मी म्हणालो, गुन्हा नाही, पण कागदावर तसं नाही. इतकंच म्हणालो. कागदावर तसं कोणी लिहिलं, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सर्वेअर चाळिशीतला, घाम पुसत पुसत काम करणारा, सभ्य माणूस होता. फोटो काढले, भिंती मोजल्या, कूलरची जळकी वायर पिशवीत घातली. मग जळालेल्या कपाटापाशी उकिडवा बसला. धोतराचे तुकडे, सुयांचा वितळलेला डबा, लाकडी रिंग, भिंग.

"ताई, ह्या साड्या कोणाच्या?"

मी दाराशी उभा होतो. मनातल्या मनात तिला सांगत होतो, म्हण, म्हण.

"लोकायच्या," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"रफूले आल्या होत्या. मी रफू करते."

"किती वर्षांपासून?"

"एकवीस."

त्यानं फाइल उघडली, पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "फॉर्मवर तर व्यवसाय नाही असं लिहिलंय. फॉर्म कोणी भरला?"

आता माझी पाळी होती. एजंटचा कोड फॉर्मवर होता. ताईचं आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे आम्ही भाऊबहीण आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर माझी एजन्सी गेली असती, कदाचित चौकशी झाली असती. ह्यापेक्षा जास्त काही झालं नसतं. मी हे आज लिहितो आहे. त्या वेळी मी भिंतीवरचा काजळीचा पट्टा पाहत होतो.

"सही माही आहे," ताई म्हणाली. "मीच सांगतलं तसं लिहा म्हनून."

सर्वेअरनं पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही खरं सांगितलं म्हणूनच मला जास्त वाईट वाटतंय. पण मला जे दिसलं ते लिहावं लागेल."

"लिहा ना बाप्पा. तुमचं काम आहे थे."

दोन महिन्यांनी पत्र आलं. घराचा वापर व्यवसायासाठी होत असल्याची माहिती दडवल्यामुळे दावा नामंजूर. भिंतीचंही मिळालं नाही, छताचंही नाही. पत्र इंग्रजीत होतं, ते मी तिला वाचून समजावून सांगितलं. 'दडवल्यामुळे' हा शब्द मी गाळला.

नंतर मी शाखेत चौकशी केली. ती चौकशी चार वर्षं आधी करायला हवी होती. घरातून छोटा धंदा करणाऱ्यांसाठी वेगळी पॉलिसी होती. गिऱ्हाइकांनी ठेवायला दिलेला मालही तिच्यात धरता येत होता. हप्ता थोडा जास्त, एक जास्तीचा कागद, आणि कपाटात साधारण किती माल असतो त्याचा अंदाज. बस. काउंटरवरच्या मुलीनं मला माहितीपत्रक दिलं आणि विचारलं, "काका, कोणासाठी हवंय?" मी ते पत्रक घडी करून खिशात घातलं आणि जिना उतरलो.

लोक येऊन भांडतील, असं मला वाटलं होतं. ताईनं ती वेळच येऊ दिली नाही. पत्र यायच्या कितीतरी आधी, आगीनंतर आठवड्याभरानं ती म्हणाली, "गाडी काढ. लोकायच्या घरी जाचं आहे." मी तिला स्कूटरवर मागे बसवून घरोघर नेलं. एकोणीस घरं. तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी असायची आणि पिशवीत प्रत्येक साडीचं जे उरलं होतं ते, वेगवेगळ्या कागदात.

बहुतेक लोक चांगले वागले. पाणी दिलं, बसवलं, "तुमचं घर जळलं आणि तुम्ही आमच्या साडीचं सांगायला आल्या," म्हणाले. ते ऐकवत नसे. रागावलेली एकच होती, मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारी एक तरुण बाई. तिच्या आईची साडी होती. आई मागच्याच वर्षी गेली होती. तिनं कागद उघडला, आतली काळी गाठ पाहिली, आणि तिचा आवाज चढला. "तुम्ही लोकांच्या वस्तू घरात ठेवता, मग इन्शुरन्स नको घ्यायला? एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

मी सोफ्याच्या काठावर बसलो होतो, त्या काळ्या बॅगेशिवाय, पण ती हातात असल्यासारखा.

"चुकलं माझं," ताई तिला म्हणाली. "नव्हता घेतला."

ती बाई रडायला लागली. ताई उठून तिच्याजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुमच्या आईनं ही साडी कमरेला उजवीकडे खोचली असंन नेहमी. तिथंच झिजली होती. मी पाह्यलं तवाच समजलं का बाई कामाची होती." त्यावर ती आणखीच रडली आणि मग कितीतरी वेळ आईबद्दल सांगत बसली. निघताना तिनं ताईचे हात धरले. मला नमस्कारही केला. मी तो घेतला.

मास्तर शेवटी होते. निवृत्त, एकटे, वरच्या मजल्यावर राहणारे. त्यांच्या बायकोचा लग्नातला शालू त्यांनी नातीच्या लग्नासाठी नीट करायला दिला होता. त्यांनी कागद उघडून गाठ तळहातावर घेतली, चष्मा वर करून पाहिली. "जरीची तार शाबूत आहे," म्हणाले. मग ताईला विचारलं, "रफू झाली होती का हो?"

"झाली होती मास्तर. आदल्याच दिवशी. ओळखू नव्हती येत."

"मग झालं," मास्तर म्हणाले. "तुम्ही तुमचं काम केलं होतं."

जिना उतरताना ताई मधल्या पायरीवर बसली. उन्हानं चक्कर आली म्हणाली. मी पाणी आणायला खाली गेलो आणि मुद्दाम जरा उशिरा वर आलो.

ज्यांनी भरपाई मागितली त्यांना तिनं दिली. ज्यांनी मागितली नाही अशा दोघातिघांनाही दिली. पुढची खोली मुलीनं आणि जावयानं बांधून दिली. मी मदत करतो म्हणालो तेव्हा ताई म्हणाली, "तुले तुही पोरं आहेत."

त्यानंतर लोकांची वस्तू तिनं घरात घेतली नाही. कोणी आलं की दारातूनच परत पाठवायची. सीताबर्डीतल्या एका साड्यांच्या दुकानात ती कामाला लागली. दुकानाच्या वर लाकडी माळा होता, ताठ उभं राहता येणार नाही इतका ठेंगणा. तिथं ट्यूबलाइटखाली ती आणि दोन बाया फॉल, पिको, रफू करत. सकाळी बसनं जायची, संध्याकाळी यायची. गिऱ्हाईक खाली काउंटरवर साडी द्यायचं आणि खालूनच घेऊन जायचं. रफू कोणी केली हे त्यांना ठाऊक नसायचं, आणि साडी कोणाची हे तिला. मी एकदा काही घ्यायच्या निमित्तानं त्या दुकानात गेलो. माळ्यावरून तिचे पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले. मी हाक न मारता निघालो.

एजन्सी मी दोन वर्षं आणखी चालवली. ज्याच्या घरी जाईन त्याला पहिलं विचारायचो, घरात काय काय चालतं? डबे करता? शिकवण्या घेता? केक, मेंदी, पार्लर? लोक हसायचे, "काका, तुम्ही विमा काढता की जनगणना करता?" त्यातले बरेच जण वेगळ्या पॉलिसीचा हप्ता ऐकून नाही म्हणायचे. काही हो म्हणायचे. त्यामुळे मला बरं वाटायचं असं नाही.

मग एका रविवारी मी ताईला सांगून टाकलं. ती अंगणात मेथी निवडत होती. मी म्हणालो, "ताई, थो फॉर्म मी भरला होता. 'नाही' मी लिवलं होतं. तू नव्हतं सांगतलं."

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"वाचला होता ना मी. न वाचता कायची सही करते मी? तू बोट ठेवलं तवाच वरचं सगळं वाचलं." देठ मोडून तिनं बाजूला टाकला. "मले वाटलं, तू त्यातला माणूस आहेस. तुले समजत असंन का काय लिवाचं. म्हनून नाही पुसलं."

"मंग त्या सर्वेअरसमोर काहून..."

"तुही नोकरी होती, गा."

नोकरी नव्हती ती. एजन्सी होती, कमिशनवर. मला तिला हे सांगायचं होतं, जणू त्यानं काही फरक पडणार होता. मी खाली बसून मेथी निवडू लागलो. ती म्हणाली, "पिवळी पानं टाकून दे." पुढच्या महिन्यात मी एजन्सी सोडली. तिला ते आजवर सांगितलेलं नाही.

आता तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे. दूरचं दिसतं, सुईचं नाक दिसत नाही. दुकान सुटलं. पुढची खोली तिनं दोन मुलींना भाड्यानं दिली आहे. दोघी सकाळी कंपनीच्या बसनं जातात. मी रविवारी जातो. आम्ही भाज्यांचे भाव बोलतो, तिच्या नातीचं बोलतो.

गेल्या महिन्यात मी तिथंच होतो. फाटकाशी स्कूटी थांबली. तिशीतली एक बाई उतरली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कोणीतरी पत्ता सांगितला होता म्हणाली. "रफू करणाऱ्या मावशी इथंच राहतात ना?"

ताई खुर्चीतून उठली नाही. तिनं त्या पुडक्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

"राहत होत्या," ती म्हणाली. "आता नाही राहत."

"कुठे गेल्या? फोन नंबर वगैरे?"

"नाही बाई. काही नाही."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती स्कूटी वळवून गेली. ताई रस्त्याकडे पाहत म्हणाली, "पदराजवळ फाटली असंन. तसंच धरून होती हातात."